कोनापुरे आप्पांचा पक्षप्रवेश

“यादी किती जणांची दिली हुती तुम्ही?” मी विचारलं.

“बावीस.” पायऱ्यांपाशी उभा असलेला गवसाने मोबाइल कानाला लावूनच बोलला.

“आन् वर किती हायती?”

“तूच मोज की. तुझंच स्टेज हाय.”

मी मोजलं होतं. एकशे चौदा. शिवाय मागच्या पायऱ्यांवर दहा-बाराजण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आत घुसायची वाट बघत होते.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दस्तगीर तांबोळी, चिंचणगावच्या कोनापुरे मंडप डेकोरेटर्सचा मुकादम. उभा जन्म मंडप ठोकण्यात गेल्यामुळे मला माणसं वजनात दिसतात. समोर पुढारी आला की त्याचा पक्ष मला मागाहून आठवतो, आधी डोक्यात येतं, नव्वद किलो. कार्यकर्ता सरासरी सत्तर. आणि जिल्हा परिषदेची तिकिटं वाटायच्या महिन्यात कार्यकर्ता खुर्चीवर बसत नाही, तो स्टेजवर चढतो आणि मंत्र्याच्या मागं फोटोत डोकं येईल असा उभा राहतो. बावीसची यादी आली की आम्ही साठ धरूनच चालतो. एकशे चौदा मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो.

गवसाने हा आमदार दुधाळांचा खास माणूस. सभेची सगळी व्यवस्था त्याच्या हातात होती. मंत्री वाघचवरे ग्रामीण रुग्णालयाच्या दुसऱ्या इमारतीचं भूमिपूजन करायला आले होते. पहिली इमारत चार वर्षांपूर्वीच बांधून झाली होती. तिला कुलूप होतं, कारण आत डॉक्टर नव्हता. दुपारचे बारा वाजत आले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि मंत्री नुकतेच खुर्चीवर टेकले होते.

“सायेब, मागली बाजू बसतीया,” मी गवसानेला म्हणालो. “मी आत्ता खाली जाऊन बघून आलो. चाळीस-पन्नास माणसं तरी उतरवा. पुढच्या पायऱ्यांनी उतरवा, मागच्या नको.”

त्यानं मोबाइल खाली घेतला. “तुझा मालक तिकडं फाटकाबाहेर काळे झेंडे घिऊन हुबा हाय, आन् तू हितं माणसं उतरवा म्हणतोस. सभा मोडायची सुपारी घेतलीस व्हय रं?”

“सायेब, माझं ऐका तरी...”

“हो बाजूला. अजून एक शब्द बोललास तर पोलिसांत देतो.”

त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. माझा मालक खरंच फाटकाबाहेर काळे झेंडे घेऊन उभा होता.

मल्लिनाथ कोनापुरे, म्हणजे आमचे आप्पा. वडिलांच्या सहा पेट्रोमॅक्स बत्त्या आणि चार सतरंज्या यांवर त्यांनी धंदा उभा केला होता. आता चार हजार खुर्च्या होत्या, तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही एवढं मोठं स्टेज होतं, आणि त्यामुळं विरोधी पक्षाचा तालुक्यातला सगळ्यांत मोठा पुढारी सत्ताधारी मंत्र्याचं स्टेज ठोकून देत होता. लोक हसायचे. आप्पाही हसायचे. “माझ्याच खुर्चीत बसून मला शिव्या देत्यात, देऊ द्या,” म्हणायचे. “खुर्ची मोडली न्हाई म्हंजे झालं.” धंदा वेगळा आणि राजकारण वेगळं, असं ते नुसतं बोलत नव्हते, तसं वागतही होते. आमच्याच गोदामाच्या माडीवरून त्यांनी दुधाळांविरुद्ध तीन मोर्चे काढले, आणि दुधाळांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव स्वतः उभं राहून घालून दिला.

मागच्या विधानसभेला ते अकराशे मतांनी पडले होते. पुढची निवडणूक सात महिन्यांवर होती, आणि या खेपेला आप्पाच, हे दुधाळांचा सख्खा मेहुणासुद्धा बोलून दाखवत होता. आप्पांनी तर मुंबईत आमदार निवासात राहायचं की भाड्यानं खोली घ्यायची, इथवर हिशेब मनात करून ठेवला होता. मला एकदा विचारलंही होतं, “दस्तगीर, मी सभागृहात बोलताना टीव्हीवर दिसलो, तर आवाज बरा लागंल का रं?” मी म्हणालो, माइक आपला असला तर लागेल.

एरवी आप्पा कुठल्याही कार्यक्रमाआधी स्टेजवर स्वतः चालून बघायचे. टाचा आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. या सभेला आले नाहीत. “माझं पाऊल तिथं नको,” म्हणाले. “उद्या माइक बंद पडला तरी म्हणतील कोनापुऱ्यानं पाडला. तू बघ सगळं.” मी बघितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी स्टेज तयार झाल्यावर गवसानेनं बायकांच्या बैठकीपुढं आणखी एक कुंपण मागितलं. पाइप संपले होते, बरेचसे एका लग्नात अडकले होते. तो ऐकेना, आमदारांचं नाव सांगून अंगावर यायला लागला. शेवटी मी ते कसंतरी भागवून दिलं.

तर गवसानेनं हाकलल्यावर मी पळत सुटलो. स्टेजपासून फाटक दोनशे पावलं असेल. आप्पा बाहेर उन्हात उभे होते, दंडाला काळी फीत, हातात झेंडा. पाठीमागं दीड-दोनशे माणसं घोषणा देत होती. आप्पांच्या शेजारी चंद्रकांत मास्तर होते. रिटायर झालेला शिक्षक, बायकोपेक्षा पक्षावर प्रेम करणारा माणूस. आप्पांचं प्रत्येक भाषण तेच लिहून द्यायचे.

मी आप्पांना बाजूला ओढलं. “आप्पा, स्टेजची मागली बाजू चाललीया. जमीन खचतीय बहुतेक. मधला घोडा कलला.”

स्टेज म्हणजे काय, तर लोखंडी घोडे, घोड्यांवर फळ्या, फळ्यांवर गालिचा. घोडे कुशीवर पडू नयेत म्हणून खालून तिरपे पाइप जोडतात. ते पाइप असले की स्टेजवर बैल नाचवला तरी चालतो.

आप्पांनी पहिला प्रश्न तोच विचारला. “तिरपे लावलेत ना समदे?”

“लावलेत.”

“सगळे?”

“व्हय आप्पा.”

“मग जमीनच.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “जमीन असंल तर खालनं काय करता येत न्हाई. वरचंच वजन काढाय पायजे. किती हायती?”

“एकशे चौदा. आता जास्तच.”

“अरे देवा!”

“माइकवरनं सांगू का? माइकवर आपलाच माणूस हाय.”

“येडा हाईस का? स्टेज पडतंय म्हणलास की ज्या वाटेनं चढले त्याच वाटेनं पळत्याल. मागच्या पायऱ्यांनी. समदं वजन एकदम मागं यील.” ते थांबले. “मागं सावलीला कोण बसलंय का?”

“कन्याशाळेच्या पोरी. स्वागतगीताच्या. पंचवीस-तीस हायती. पार फळ्यांच्या खाली सरकून बसल्यात, ऊन लागतंय म्हणून.”

आप्पांनी झेंडा मास्तरांच्या हातात दिला आणि दंडाची काळी फीत सोडायला लागले. गाठ सुटेना, तेव्हा दातानं सोडली.

मास्तरांना काय चाललंय ते अर्धंच ऐकू आलं होतं. “आप्पा, कुठं निघालात? आत जाऊ नका. त्यांचं स्टेज आहे, त्यांचं ते बघतील.”

“त्यांचं न्हाई मास्तर, माझं हाय,” आप्पा म्हणाले. “आलोच मी.”

फाटकावरच्या फौजदारानं हात आडवा घातला. आप्पा म्हणाले, “मंडपवाला हाय मी. स्टेजचं काम निघालंय.” फौजदार ओळखीचा होता, त्यानं सोडलं. चालता चालता आप्पा मला हळू आवाजात सांगत होते. “तू पोरींना काढ. हसत काढ, भ्या दाखवू नको. मग पुढच्या पायऱ्यांपाशी येऊन हुबा ऱ्हा. पळू नको. आपण दोघं पळालो तर सगळं गाव पळंल.”

मी मागं गेलो. पोरी नऊवारी नेसून, नाकात नथी घालून, पाण्याच्या पिशव्या एकमेकींवर उडवत बसल्या होत्या. त्यांच्या बाई म्हणाल्या, “गवसाने साहेबांनी इथंच थांबायला सांगितलंय.” मी म्हणालो, “बाई, तिकडं शाळेच्या व्हरांड्यात पोरींसाठी सरबत ठेवलंय.” सरबत-बिरबत काही नव्हतं. पण सरबत म्हटल्यावर पोरी बाईंना विचारायला थांबल्या नाहीत. त्या उठल्या तेव्हा मी फळीखाली वाकून बघितलं. मधला घोडा मघापेक्षा आणखी एक वीत कलला होता, आणि त्याच्या डोक्यावरची फळी करकर वाजत होती. बाहेर हलगी चालू होती म्हणून ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

मी पुढच्या पायऱ्यांपाशी आलो तेव्हा आप्पा वर पोचले होते. माझ्यापासून चार हातांवर, मंत्र्याच्या कानाशी वाकलेले. मी कान देऊन होतो, हलगीतूनही मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“साहेब, स्टेज मागनं बसतंय. मी मंडपवाला म्हणून सांगतोय. पुढच्या पायऱ्यांनी हळूहळू माणसं खाली घ्या. गडबड करू नका.”

वाघचवरेंनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस पस्तीस वर्षं राजकारणात मुरलेला होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक वाक्यामागं डाव काय आहे हे आधी बघायची त्याला सवय होती. “कोनापुरे,” तो हसत म्हणाला, “बाहेर काळे झेंडे चालले नाहीत, म्हणून आता हे का?”

“पोरांची शपथ घिऊन सांगतो साहेब.”

“शपथा कसल्या घेता? आलाच आहात तर मोकळ्या मनानं या.”

आणि तो उठला. एका हातानं आप्पांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं माइक ओढला.

“बंधूंनो आणि भगिनींनो! आज चिंचणगावच्या विकासाच्या प्रवाहात एक मोठा माणूस सामील होतोय. विरोधी पक्षाचे तुमचे लाडके नेते मल्लिनाथ कोनापुरे स्वतःच्या पायांनी आपल्या व्यासपीठावर आलेले आहेत!”

मैदानात एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की हलगीवाल्यानं हलगी थांबवली. गवसानेनं कुठून तरी पक्षाचं उपरणं पैदा केलं. या लोकांच्या खिशात रुमाल नसेल, पण उपरणं असतंच. मंत्र्यानं ते आप्पांच्या गळ्यात घातलं. फोटोग्राफर पुढं धावले. आणि मागच्या पायऱ्यांवर अडकलेले दहा-बाराजण फोटोत यायचं म्हणून धक्के देत वर घुसले.

स्टेज हललं. मला ते पायऱ्यांच्या कठड्यातून हाताला कळलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी खाली बघितलं, मग एकमेकांकडं बघून हसले. त्यांना वाटलं गर्दीचा धक्का बसला.

आप्पांचा हात गळ्यातल्या उपरण्याकडं गेला. त्यांनी ते मुठीत धरलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कानापर्यंत लाल झाला होता. मला वाटलं, आता हे उपरणं खेचून मंत्र्याच्या तोंडावर फेकतात. फेकलं असतं तर काय झालं असतं तेही मला दिसत होतं. दुधाळांची माणसं अंगावर धावून आली असती, बाहेरची आपली माणसं फाटक तोडून आत आली असती, आणि दीडशे माणसं त्या फळ्यांवर एकमेकांना भिडली असती.

आप्पांनी मागं वळून बघितलं. मागच्या रांगेच्या पायाखाली गालिच्याला झोळ पडला होता.

त्यांनी मूठ सोडली. उपरणं नीट केलं. मंत्र्याच्या हातातून माइक घेतला.

“बंधूंनो,” ते म्हणाले. आवाज जरा कापला, मग सरळ झाला. “मी आलोय हे खरं हाय. पण असा वरचा वर प्रवेश मला नको. माझी माणसं तिकडं फाटकाभाईर उनात हुबी हायती. त्यांना सोडून मी एकटा कसा येऊ? साहेबांनी माझ्यासंगं चालत त्यांच्यापातूर यावं. आमदारांनी यावं. स्टेजवरच्या झाडून समद्यांनी यावं. तिथं, माझ्या माणसांच्या म्होरं हातात हात घालू. चला साहेब. ह्या पुढच्या पायऱ्यांनी.”

वाघचवरेंचे डोळे चमकले. काळे झेंडे धरणाऱ्यांच्या मधोमध उभं राहून फोटो! त्याला यापेक्षा आणखी काय हवं होतं? “चला!” तो ओरडला आणि आप्पांचा हात धरून निघाला.

मंत्री निघाल्यावर स्टेजवर थांबतो कोण? सगळे पुढं सरकले. मी पायरीपाशी उभा राहून एकेकाला हात देत होतो. “सावकाश सायेब, सावकाश. दोघं दोघं या.” आणि मोजत होतो. वीस. चाळीस. सत्तर. शंभर झाले तेव्हा मागून लाकूड मोडल्याचा आवाज आला. वर राहिलेल्यांनी माना वळवल्या, पण पुढचे ढकलत होते, त्यांना थांबायला वेळ नव्हता. सगळ्यांत शेवटी गवसाने उतरला. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “शेवटी आला तुझा मालक वळणावर.”

तो दहा पावलं गेला असेल, आणि मागची बाजू म्हैस बसावी तशी गप्पकन खाली बसली. दोन खुर्च्या गडगडल्या. सगळं मैदान तेव्हा फाटकाकडं तोंड करून उभं होतं. शाळेच्या व्हरांड्यातल्या पोरींनी तेवढं बघितलं आणि त्या खुदकन हसल्या.

मी फाटकाकडं गेलो. जायला नको होतं. आप्पा मंत्र्याच्या हातात हात देऊन, गळ्यात उपरणं घालून, त्यांच्या दोनशे माणसांसमोर उभे होते. घोषणा थांबल्या होत्या. मास्तर पुढं आले. दोन झेंडे होते त्यांच्या हातात, एक स्वतःचा आणि एक आप्पांनी दिलेला.

“आप्पा, हे काय?”

“मास्तर, मागनं सांगतो.”

“आत्ता सांगा.”

“मागनं सांगतो म्हणलं ना.”

कॅमेरे चालूच होते. मास्तरांनी आप्पांचा झेंडा त्यांच्या पायांशी ठेवला. फेकला नाही, वाकून ठेवला, आणि उन्हातून एकटेच गावाकडं चालायला लागले. त्यांच्यामागून एकेक करून बाकीचेही गेले. मंत्री तिथूनच भूमिपूजनाला गेले, आणि बसलेलं स्टेज ज्यांना दिसलं त्यांना वाटलं, आम्ही ते सोडायला घेतलंय.

तीन वाजता मैदान रिकामं झाल्यावर आप्पा परत आले. वाकून, हातापायांवर रांगत, बसलेल्या स्टेजखाली गेले. बराच वेळ आत होते. मी बाहेरच उभा होतो, त्यांच्यामागून आत जायची हिंमत नव्हती.

कारण तिरपे पाइप तिथं नव्हतेच. मागच्या बाजूचे सहाच्या सहा पाइप मी आदल्या संध्याकाळी काढून गवसानेच्या कुंपणाला लावले होते. साठ माणसं त्याशिवायही पेलली असती, हे मला ठाऊक होतं. आणि फाटकापाशी आप्पांनी दोनदा विचारलं तेव्हा मी दोनदा खोटं बोललो. वाटलं, या वयात नोकरी जाईल. खरं सांगितलं असतं तर आप्पांनी स्टेजवर पाऊलही ठेवलं नसतं. मंडपाची चार माणसं खाली घालून, बल्ल्यांचे टेकू देऊन, कुंपणातले तेच पाइप उपसून परत ठोकून दिले असते. दहा मिनिटांचं काम होतं. जमीन खचतीय म्हटल्यामुळं त्यांना वरच जावं लागलं.

आप्पा बाहेर आले. गुडघ्यांना माती लागली होती. स्टेजच्या पाइपांना आम्ही टोकाला लाल पट्टा मारतो, कुंपणाच्या पाइपांना मारत नाही. दहा पावलांवरच्या कुंपणाकडं त्यांनी बघितलं. मग माझ्याकडं.

“गाडी भराय घे,” म्हणाले, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तो फोटो होता. आप्पांनी पत्रक काढलं, मी कुठंही गेलेलो नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? फोटोत ते स्वतःच उपरणं नीट करताना दिसत होते. त्यांच्या पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. वाघचवरेंच्या पक्षानं तर देण्याचा प्रश्नच नव्हता, तिथं दुधाळ होते. आप्पा अपक्ष उभे राहिले. जिथं जातील तिथं लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, आणि पाठ फिरली की हसायचे.

शेवटच्या आठवड्यात पेठेत कोपरा सभा होती. शे-सव्वाशे माणसं असतील. मी माइकपाशी होतो. मास्तर कधी येऊन मागं उभे राहिले कळलं नाही. ते एकदम म्हणाले, “आप्पा, मी तुमच्या विरोधात काम करत नाही. मी घरी बसलोय. पण मला एकच सांगा. त्या दिवशी वर का चढलात?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर. मला वाटलं आता माझं नाव येणार. सांगावं, आपणच सांगावं, असं मनात आलं. माइक माझ्या हातात होता. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी माइकची वायर गुंडाळत खाली बघत राहिलो.

“काम हुतं,” आप्पा म्हणाले.

“कसलं काम?”

“मंडपाचं.”

पेठ खो खो हसली. मास्तर हसले नाहीत. ते मान हलवून निघून गेले.

आप्पा तिसरे आले. त्यानंतर त्यांनी कुठलीच निवडणूक लढवली नाही.

निकालानंतर चार दिवसांनी मी गोदामात गेलो. सकाळची वेळ. आप्पा सतरंज्यांच्या चळतीवर बसून भिंतीकडं बघत होते. मी दारातच सांगून टाकलं.

“आप्पा, ते पाइप मी काढले हुते. आन् तुमच्याशी खोटं बोललो.”

“ठावं हाय.”

“त्याच दिवशी कळलं हुतं ना?”

“लाल पट्टा दिसत न्हाई व्हय मला?”

मी रडायला लागलो. “मग बोलला का न्हाई? मास्तरांनी भर पेठेत विचारलं. माझं नाव सांगून मोकळं व्हायचं हुतं. नोकरीवरनं काढायचं हुतं. आज तुम्ही आमदार असता.”

“काय सांगू?” आप्पांचा आवाज चढला. “स्टेज मोडत हुतं म्हणून चढलो, असं सांगू? का मोडत हुतं? तर पाइप काढले हुते. कुणी काढले? बोल की. मंत्र्याच्या स्टेजचे पाइप काढले दस्तगीर तांबोळीनं. ह्याच्या म्होरचं कुणी ऐकलं असतं? कुंपणाला लावले, गवसानेनं मागितले, हे ऐकायला कुणाला सवड हाय? गवसाने तर तुला त्याच दिवशी पोलिसांत देतो म्हणत हुता. तुझी थोरली बारावीला हुती तवा. तू आजपातूर आत असतास.”

त्या वर्षी कुठं लांब बॉम्ब फुटला तरी आमच्या मुसलमानांच्या गल्लीत पोलिसांची गाडी येऊन उभी राहायची. हे मला ठाऊक होतं. रोज दिसत होतं. तरी या गोष्टीशी मी ते कधी जोडलं नव्हतं. सात महिने मी समजत होतो की मी गप्प बसून स्वतःला वाचवलंय.

मला काहीतरी बोलायचं होतं. जे तोंडाला आलं ते बोललो. “आप्पा, तुम्हाला आमदार व्हायचंच नव्हतं का मग?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीला टेकलो.

“व्हायचं हुतं की रं,” ते म्हणाले. “लई व्हायचं हुतं.”

आणि साठीला आलेला तो माणूस दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागला. मी पुढं झालो. त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.